टॉनिक कुणाच्या अंगी लागलं?

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवायचा? दाणा विकणाऱ्यावर, दाणा चारणाऱ्यावर, की दाणा खाणाऱ्यावर?

घाईनं उत्तर देऊ नका. या धंद्यात माझे केस पांढरे झाले, तरी मला अजून नक्की सांगता येत नाही. विकणारा म्हणतो, माझ्या पावडरीनं पक्षी भरला. चारणारा म्हणतो, माझ्या हाताला गुण आहे. आणि जिला खरं काय ते ठाऊक, ती कोंबडी काही बोलत नाही. बोलायच्या आत तिला गिऱ्हाईक लागतं!

माझं दुकान बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. कोंबड्यांचा दाणा, मिनरल मिक्स्चर, शिंपल्याचा चुरा, लिव्हरचं टॉनिक, उन्हाळ्यात पाण्यात घालायच्या पुड्या, असं सगळं माझ्याकडे मिळतं. लोक मला पावडरशेठ म्हणतात. शिक्षण म्हणाल तर पोत्यांवरचा मजकूर. लोक पेपर वाचतात, मी पोती वाचली. आधी प्रोटीन म्हणजे काय तेच कळेना. मग कळलं. मग पोत्यावर लिहिलंय तेवढं पोत्यात खरंच आहे का, असा संशय यायला लागला. संशय आला तेव्हा म्हटलं, चला, आपण शिकलो!

बाजाराच्या दिवशी दुकानासमोरच्या बाकावर कोंबडीवाल्यांची बैठक बसते. चहा माझा, गप्पा त्यांच्या. अशा बैठकीत किस्से कसे साठतात? शेडमधल्या पिसांसारखे. आज झाडून काढा, उद्या कोपऱ्यात पुन्हा आहेतच. त्यातले थोडे सांगतो. कोंबड्या पाळायला देणाऱ्या कंपन्या आमच्याकडे आल्या, त्याच्या आधीचे आणि त्या वर्षांतले. त्या वर्षांत माझं दुकान राहतं की जातं, अशी वेळ आली होती. दुकान अजून आहे. गिऱ्हाईक पावडरीवर नाही, माझ्या शब्दावर येतं; तो शब्द कसा कमावला, ते शेवटच्या किश्श्यात येईल.

* * *

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी अंडंसुद्धा खात नाही. घरात कधी चाललं नाही, आणि आता जीभही मागत नाही.

दुकान नवीन असताना इंदूरकडून एक सेल्समन आला. हातात टॉनिकची बाटली. बाटलीवर कोंबडा असा छापलेला, की समोरून पहिलवान आला तर त्यानं रस्ता सोडावा!

"सेठजी, ये चालू कर दो," तो म्हणाला. "गोश्त ऐसा नरम, मुँह में रखते ही घुल जाए!"

मी विचारलं, "तुम्ही खाऊन पाहिलं?"

त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "राम राम! हमारे यहाँ तो लहसुन भी नहीं चलता."

"मग नरम आहे ते कळलं कसं?"

"कंपनी ने बताया."

"आणि मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"आप कहना, सेल्समन ने बताया!"

तो हसला, मी हसलो. मी माव्याची जिलेबी मागवली, दोघांनी पोटभर खाल्ली आणि कोंबडीच्या मांसाचा सौदा पक्का झाला.

पण त्या दिवशी एक कळलं, की या धंद्यात खाणारा माणूस जवळ पाहिजे. म्हणून मी गोविंदभाऊला धरून ठेवलं. त्याचा इच्छापूर रस्त्यावर ढाबा आहे. नवीन पावडर आली, की त्या पावडरीवर वाढलेली कोंबडी आधी त्याच्या पातेल्यात जायची. तो एक घास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. कुणी मला विचारलं, "शेठ, चव कशी आहे?" तर मी म्हणायचो, "थांबा, माझी जीभ ढाब्यावर गेलीय, आली की सांगतो!"

* * *

दुसरी मंडळी म्हणजे प्रमिलाबाई. शाळेत मास्तरीण. घराच्या मागच्या अंगणात अंड्याच्या कोंबड्या. गल्लीतले सगळे अंडी त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि एक दिवस सगळ्यांची एकच तक्रार सुरू झाली: बलक फिका आहे.

बाईंनी स्वतःच्या डोक्यानं हळद चारायला सुरुवात केली. कोंबड्यांच्या चोची पिवळ्या, दाण्याची भांडी पिवळी, बाईंची बोटं पिवळी. बलक होता तसाच!

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तर कोंबड्यांचं लग्नच काढलंत! हळदीनं बलकाला रंग येत नाही. पिवळा मका वाढवा, नाहीतर झेंडू वाळवून चारा. आणि एक सांगतो, रंग आला म्हणजे ताकद आली असं नाही. पण लोक आधी डोळ्यांनी खातात."

नुकताच दसरा झालेला. बाईंनी गल्लीत निरोप दिला, "दाराची तोरणं सुकली की टाकू नका, मला द्या." तोरणंच तोरणं आली! बाईंनी पाकळ्या सावलीत वाळवल्या, कुटल्या, दाण्यात मिसळल्या. थोड्याच दिवसांत बलक असा झाला, की वाटावं केशरी पेढाच ठेवलाय आत.

आता तक्रार संपली असं तुम्हाला वाटेल. कसली संपते! गल्लीतले एक रिटायर पोस्टमास्तर अंडं हातात घेऊनच आले. "बाई, हे काही खरं नाही. यात सुई टोचून रंग भरलाय!"

बाईंनी वर्गातला आवाज काढला. "टोचल्याचं भोक दाखवा. नाही सापडलं तर बाकावर उभं राहायचं!"

पोस्टमास्तरांनी अंडं उन्हात धरून सगळीकडून पाहिलं. भोक कुठलं सापडतंय! मग बाईंनी शांतपणे सांगितलं, की हा दसऱ्याच्या तोरणाच्या झेंडूचा रंग आहे. पोस्टमास्तरांनी अंड्याला नमस्कार केला, आणि बाकावर उभं न राहता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. पदर सावरत, इकडं तिकडं बघत, हळूच म्हणाली, "बाई, देवाच्या दारातली फुलं खाऊन घातलेलं अंडं ना हे... मग चतुर्थीला चालेल का हो?"

बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, "वहिनी, मला विचारू नका. मला तर ते एरवीही चालत नाही!"

* * *

उन्हाळ्याचंही सांगतो. आमच्या उन्हात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, दाणा कमी खाते आणि अंड्याचं कवच कागदासारखं पातळ होतं. बाईंची अंडी टोपलीतून घरी नेईपर्यंत फुटायला लागली. मी शिंपल्याचा जाडसर चुरा दिला. म्हटलं, "संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. कवच रात्री तयार होतं, तेव्हा पोटात चुना पाहिजे. आणि पाणी गार ठेवा, नाहीतर चुरा काय करेल?"

बाईंनी दोन्ही केलं. कवच असं घट्ट झालं, की स्टेशनजवळचा ऑम्लेटवाला तक्रार घेऊन माझ्याकडे आला.

"शेठ, असं काय चारून राहिले तुम्ही? पहिले अंडं नुसतं उचललं की फुटायचं. आता तव्याच्या कडेला आपटलं तर ठण्ण वाजतं! गिऱ्हाइकाला वाटतं गाडीची घंटा झाली. अर्धं खाऊन पळतं!"

* * *

आता लोटू आबा. आबा देडतलाईकडचे. केळीची बाग, थोडा कापूस आणि बागेला लागून ब्रॉयलरच्या दोन शेड. माणूस सोन्यासारखा, पण कोंबडी सांभाळायचा केळीसारखी! त्यांचा हिशोब सरळ होता. केळीला खत दिलं की घड फुगतो, जास्त दिलं की जास्त फुगतो, मग कोंबडी वेगळी कशी?

एकदा त्यांना बाजारात सुकट स्वस्तात मिळाली. सुकी मासळी कुटून दाण्यात घातली की प्रोटीन वाढतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. "पण बेतानं घाला आबा," मी म्हटलं होतं, "आणि पक्षी विकायच्या बऱ्याच आधी बंद करा. नाहीतर वास मांसात उतरतो."

आबांनी 'घाला' एवढंच ऐकलं. पोत्यांनी चारली, शेवटच्या दिवसापर्यंत चारली! वजन झकास आलं. तो सगळा माल घेतला गोविंदभाऊनं.

संध्याकाळी ढाब्यावर पातेलं चढलं, आणि वास सुटला तो मासळी बाजाराचा. मसाला वाढवला, लसूण वाढवला, वास हटेना. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "भाऊ, आज मच्छी आहे का?"

गोविंदभाऊचं डोकं असं, की त्यानं पाटीवरचं चिकन पुसलं आणि खडूनं लिहिलं: तापीची ताजी मासळी.

धडाधड ताटं गेली! लोक बोटं चाटून राहिले. गोविंदभाऊ खूश. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक ट्रकवाला ओरडला, "ओ भाऊ! तुमच्या तापीच्या माशाला तंगडी कशी काय?"

दुसऱ्या दिवशी गोविंदभाऊ माझ्या बाकावर येऊन बसला. आबाही होते. गोविंदभाऊ म्हणाला, "आबा, पुढच्या वेळी सुकट चारायची असेल तर पाय कापून द्या!"

* * *

असं हसत-खेळत चाललं होतं, आणि इंटिग्रेशन आलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कंपनी तुम्हाला पिल्लं देते, दाणा देते, औषध देते. शेड तुमची, मेहनत तुमची. पक्षी मोठे झाले की कंपनीच घेऊन जाते आणि किलोमागं पाळण्याची मजुरी देते. भाव पडला तर कंपनीचं नुकसान, तुमचं नाही. शेतकऱ्याला याहून काय पाहिजे? मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.

पण माझ्या दुकानाचं काय? दाणा कंपनीचा, पावडर कंपनीची. बाजाराच्या दिवशी बाक रिकामा राहायला लागला. चहावाला विचारायचा, "शेठ, आज एकच कप?" घरी बायको म्हणायची, "बंद करा आता हे. मोबाइलच्या रिचार्जचं दुकान टाका. मोबाइलला दाणा लागत नाही, आणि तो मरतही नाही!"

कंपनीचे सुपरवायझर होते डॉक्टर दुबे. जनावरांचे डॉक्टर, तरुण, कामाला कडक. त्यांचा नियम एकच: कंपनीच्या शेडमध्ये बाहेरची एक पुडी दिसता कामा नये. नियम बरोबर होता. कुणी काय चारलं तेच कळलं नाही, तर पक्षी कशानं वाढला आणि कशानं बिघडला ते कसं समजणार?

लोटू आबाही कंपनीकडे गेले. पण त्यांचा जीव माझ्या टॉनिकमध्ये अडकलेला. त्यांनी एक बाटली शेडमध्ये, पोत्यांच्या मागं लपवून ठेवली. एक दिवस डॉक्टर आले आणि नेमकं तेच पोतं सरकवलं.

"आबा, ये क्या है?"

आबा क्षणभर गडबडले. मग छाती काढून म्हणाले, "माझं आहे साहेब. म्हातारपण आलं ना, अंगात ताकद राहत नाही. दोन घोट घेतो."

डॉक्टरांनी बाटलीवरचा कोंबडा पाहिला. आबांकडे पाहिलं. "अच्छा? तो लीजिए. मेरे सामने लीजिए."

आबांनी बूच काढलं, देवाचं नाव घेतलं, आणि दोन घोट गिळले! तोंड असं केलं, की डॉक्टरच घाबरले. "अरे बस बस, थूक दीजिए!"

पण आबा मागं हटतात होय? त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "रोजचंच आहे साहेब."

ही गोष्ट आबा मला सांगायला आले तेव्हा मीच हबकलो. "आबा, ते कोंबड्यांच्या लिव्हरचं आहे! काही झालं नाही ना?"

"झालं ना," आबा म्हणाले. "गुडघे दुखायचे थांबले. आणखी एक बाटली द्या!"

* * *

बाटलीवरच्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना दुकानाचा पत्ता लागला. ते स्वतः आले, बाकावर बसले, चहा घेतला. आबा होते, गोविंदभाऊ होता, शाळा सुटल्यावर बाई आल्या होत्या.

"सेठजी, बुरा मत मानना," डॉक्टर म्हणाले. "दाणा नीट असेल तर वरून टॉनिकची गरज नसते. किसान का पैसा जाता है, बस."

बाकावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. गप्प बसलो असतो तर त्याच दिवशी दुकान मिटलं असतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही शिकलेले, मी पोती वाचलेला. आपण दोघं कशाला भांडायचं? पक्ष्यांना तोलून पाहू."

डॉक्टर खिलाडू माणूस. त्यांनी वरच्या साहेबांची परवानगी आणली. आबांच्या दोन्ही शेडमध्ये एकाच लॉटची पिल्लं, एकच दाणा. बागेला लागून असलेल्या शेडमध्ये पाण्यातून माझं टॉनिक, दुसऱ्या शेडमध्ये साधं पाणी. मी आणि डॉक्टर, दोघांनीही मध्ये हात घालायचा नाही. टॉनिकवाले पक्षी भारी निघाले, तर कंपनीच्या शेतकऱ्यांना ते माझ्या दुकानातून घ्यायची मोकळीक. नाही निघाले, तर मी माझ्या हातानं टॉनिकचं कपाट रिकामं करायचं, आणि ते का केलं हे बाकावर सगळ्यांना सांगायचं.

कपाट म्हणजे काय, दुकानच म्हणा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मी रिचार्जवाल्याला बोलून ठेवते."

पिल्लं आली. आबांना रोज पाण्यात टॉनिक कालवायचा कंटाळा. त्यांनी मला युक्ती सांगितली. "शेठ, बागेत ठिबकमधून खत सोडायची टाकी आहे ना, ती त्या शेडच्या दाराशीच आहे. तिची एक नळी बागेत जाते. दुसरी काढून शेडच्या पाण्याला जोडतो. दोन कॉक. टॉनिक टाकीत ओतलं, कॉक फिरवला, झालं!"

मी म्हटलं, "आबा, टाकी आधी धुऊन घ्या. खताचा कणही राहायला नको. बागेला खत तोवर हातानं द्या."

आबांनी टाकी अशी घासली, की तीत तोंड दिसावं!

मग काय, रोज सकाळ-संध्याकाळ आबा टाकीशी. टॉनिक ओतायचं, कॉकला हात लावायचा आणि दारात आलोच आहोत तर आत जायचं. ऊन आलं की पडदा खाली, वारा पडला की पडदा वर. ओला भुसा उकरायचा, सुस्त पक्ष्याला उठवायचं, सगळ्यांना राम राम करायचा. दुसऱ्या शेडवर गडी होताच. आबांची बायको, तिला आम्ही जिजी म्हणतो, एकदा दुकानात आली तेव्हा बोललीच, "शेठ, तुमच्या टॉनिकपायी आमचे आबा त्या शेडातच राहून राहिले. माझ्याकडं सणावाराला बघतात, आन् कोंबड्यांची तब्येत दोन्ही टायमाला विचारतात!"

तोलायचा दिवस उजाडला. माझा बाकच्या बाक आबांच्या बागेत आला होता. आसपासच्या गावांतले कोंबडीवाले, बाई, आणि दोन पातेली घेऊन गोविंदभाऊ. काटा कंपनीचा. पक्षी डॉक्टरांनी स्वतः निवडले, इकडचे तिकडचे, कुठलाही भेदभाव न करता.

मी लांब उभा होतो. खरं सांगतो, काट्याकडे बघवत नव्हतं.

पहिला पिंजरा टॉनिकवाल्या शेडचा. भारी! दुसऱ्या शेडचा पिंजरा हलका. पुन्हा तोललं, पुन्हा तेच. लोक काट्याभोवती दाटले. डॉक्टरांनी पिंजरे बदलून पाहिले, काटा झटकून पाहिला. टॉनिकवाली शेड पुढेच!

तिकडं गोविंदभाऊनं दोन्ही शेडमधली एकेक कोंबडी शिजवली होती. त्यानं पहिल्या पातेल्यातला घास घेतला, डोळे मिटले. दुसऱ्यातला घेतला, पुन्हा डोळे मिटले.

"शेठ," तो म्हणाला, "हे दुसरं चांगलं आहे. पण हे पहिलं! मऊ, रसाळ, आणि वासाचं नाव नाही. तुमची दवा बोलून राहिली!"

मग जी गर्दी माझ्याभोवती झाली! "शेठ, माझ्या दोन पेट्या लिहा." "माझ्या चार!" "आमच्या गावाला गाडीच पाठवा!" बाईसुद्धा म्हणाल्या, "अंड्याच्या कोंबड्यांना चालेल का हो हे?" माझ्या डोळ्यांपुढं बाक भरला, चहाच्या किटल्या फिरायला लागल्या, आणि रिचार्जचं दुकान पार तापीपलीकडं गेलं!

डॉक्टर दुबे माझ्यासमोर आले. डोक्यावरची टोपी काढली. "मान गए सेठजी. मैं गलत था. चला, ती टाकी दाखवा. आपका फोटो लेता हूँ टंकी के साथ. कंपनी को भेजूँगा."

आम्ही निघालो. पुढं आबा, मागं मी आणि डॉक्टर, त्यांच्या मागं सगळी जत्रा. बागेच्या कडेनं जाताना कुणीतरी थबकलंच. "आबा, यंदा काय घड सुटले हो! खत कोणतं?"

"खत नेहमीचंच," आबा मिशीत हसले. "आमचा हातच तसा आहे!"

टाकीशी पोचलो. डॉक्टरांनी कॅमेरा काढला. "सेठजी, हात टंकी पर रखिए. हाँ, ऐसे. जरा मुस्कुराइए."

मी हात ठेवला. हसलो. आणि हसता हसता माझी नजर खाली गेली.

दोन कॉक होते. बागेकडच्या नळीचा कॉक सताड उघडा. शेडकडच्या नळीचा बंद. नुसता बंद नाही. त्याच्या दांडीपासून टाकीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि जाळ्यात जुना पाचोळा अडकला होता. नळी जोडल्यापासून त्या कॉकला कुणाचा हात लागलाच नव्हता; आबांचा हात सवयीनं रोज बागेच्याच कॉकवर गेला होता.

मी वर पाहिलं. डॉक्टरांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला होता. त्यांचीही नजर तिथंच. त्यांनी जाळं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. भला माणूस! बोलायचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

मागं लोक अजून पेट्या सांगत होते. गोविंदभाऊ अजून बोटं चाटत होता. आबा छाती फुगवून, मिशीला पीळ देत, फोटोत यायला माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

मी टाकीवरचा हात काढला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला.

"आबा!"

"काय शेठ?"

"हिशोब मात्र इमानदारीनं ठेवा बरं का. टॉनिकचा खर्च कोंबड्यांच्या नाही, केळीच्या खात्यात लिहा!"